मंदीच्या वर्षातली पदवी

एमसेटचा निकाल लागला की आपल्या हैदराबादेतल्या मराठी घरांत पंधरा-वीस दिवस दुसरा विषय नसतो. रँक किती आली, काउन्सेलिंगला कोणती कॉलेजे भरायची, सीएसई मिळेल का, नाही मिळाली तर मॅनेजमेंट कोट्यातून घ्यायची का. गेल्या दोन-तीन वर्षांत या चर्चेत एक नवा प्रश्न शिरला आहे : "पण आता आयटीत नोकऱ्या आहेत कुठे?" हे विचारताना काका-काकू बहुधा माझ्याकडे पाहतात, कारण मी त्याच क्षेत्रात आहे. उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

मंदी आली की नोकऱ्या जातात, हे सगळ्यांना दिसते. पण मंदीचा कॉलेजांवर, विद्यापीठांवर आणि शिकणाऱ्या मुलांवर जो परिणाम होतो तो सावकाश होतो आणि जास्त दिवस टिकतो. कंपनी दोन वर्षांत सावरते. फी न भरल्यामुळे तिसऱ्या सेमिस्टरला घरी बसलेला मुलगा मात्र बऱ्याचदा परत जातच नाही.

दोन उलट ओढी

श्रीमंत देशांत मंदी आली की कॉलेजांतली गर्दी वाढते. २००८ नंतर अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत प्रवेश भराभर वाढले. कारण साधे आहे. बाहेर नोकरीच नसेल तर पगार बुडण्याची भीती उरत नाही, मग बसून राहण्यापेक्षा शिकून घेऊ, असा विचार लोक करतात.

आपल्याकडेही ही ओढ असते. नोकरी न मिळालेला पदवीधर एमबीएकडे, एमटेककडे किंवा गेटच्या अभ्यासाकडे वळतो, नाहीतर अमीरपेटला एखादा सॉफ्टवेअरचा कोर्स लावतो. पण आपल्याकडे दुसरी ओढही तेवढीच जोरदार असते. शिक्षणाचा खर्च बहुतेक घरे चालू उत्पन्नातून, साठवलेल्या पैशातून किंवा दागिने गहाण ठेवून करतात. वडिलांचा ओव्हरटाइम बंद झाला, दुकानाचा गल्ला अर्ध्यावर आला की पहिली कात्री लागते ती पुढच्या वर्षीच्या फीला. कॉलेज सोडावे लागले नाही तरी निवड बदलते. वसतिगृहाऐवजी रोज दोन तासांचा बसप्रवास पत्करला जातो, आवडीच्या शाखेऐवजी स्वस्त शाखा घेतली जाते. घरात मुलगा आणि मुलगी दोघे शिकत असतील, तर तडजोड कोणाच्या वाट्याला येते हे मी सांगायला नको.

म्हणजे मंदीत खासगी कॉलेज परवडेनासे होते आणि सरकारी कॉलेजाची गरज वाढते. आणि नेमक्या त्याच वेळी सरकारची तिजोरी आटलेली असते. विकसनशील देशाची खरी अडचण इथे आहे.

१९९१ : सोने गेले आणि अनुदानही

आपल्या आई-वडिलांच्या पिढीला १९९१ चे वर्ष आठवत असेल. परकीय चलनाची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. त्या जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने विमानाने इंग्लंडला पाठवून गहाण ठेवले आणि रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. त्यानंतरच्या आर्थिक सुधारणांची कहाणी आपण नेहमी ऐकतो. त्याच काळात विद्यापीठांचे काय झाले, हे कमी वेळा सांगितले जाते.

सरकारला खर्च कमी करायचा होता. प्राथमिक शिक्षणाला हात लावणे अवघड होते आणि योग्यही नव्हते. मग उच्च शिक्षणाकडे नजर गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमलेल्या न्यायमूर्ती पुन्नय्या समितीने १९९३ साली सुचवले की केंद्रीय विद्यापीठांनी खर्चाचा काही वाटा स्वतः उभा करावा : सुरुवातीला १५ टक्के आणि दहा वर्षांत २५ टक्के. १९९७ साली केंद्रीय अर्थमंत्रालयाने अनुदानांविषयी एक टिपण प्रसिद्ध केले. त्यात उच्च शिक्षण 'नॉन-मेरिट' वर्गात टाकले होते, म्हणजे ज्यावर सरकारने पैसा खर्चण्याचे फारसे कारण नाही अशा गोष्टींत. जंध्याल तिलक यांच्यासारख्या शिक्षण-अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे की, महागाई वजा केली तर नव्वदच्या दशकात उच्च शिक्षणावरचा दर विद्यार्थ्यामागचा सरकारी खर्च घटला. विद्यार्थी वाढत होते, त्या मानाने पैसा वाढत नव्हता.

ती पोकळी खासगी कॉलेजांनी भरली. विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांची सुरुवात त्याआधीच झाली होती. महाराष्ट्रात वसंतदादा पाटील यांच्या काळात, १९८३ पासून, ती निघू लागली. कर्नाटकात त्याहून आधी. १९९३ साली आंध्र प्रदेशातूनच गेलेल्या उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'फ्री सीट' आणि 'पेमेंट सीट' अशी वाटणी घालून दिली. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती योजना मोडीत काढली आणि संस्थांना फी ठरवण्याची बरीच मोकळीक मिळाली. २००१ साली इंडियन बँक्स असोसिएशनची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली. पंधरा वर्षांत चित्र पालटले. शिक्षणाचा भार सरकारकडून घराकडे सरकला आणि घराने तो बँकेकडून कर्जाऊ घेतला. म्हणून आजची मंदी १९९१ पेक्षा वेगळ्या जागी दुखते. तेव्हा ती विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात दुखली, आता ती आपल्या घरच्या ईएमआयमध्ये दुखते.

कांद्याचे गणित

शेतीशी नाते असलेल्या प्रत्येक मराठी माणसाला कांद्याचे गणित ठाऊक असते. एका वर्षी भाव चढतो, म्हणून पुढच्या हंगामात सगळे कांदा लावतात. माल एकदम बाजारात येतो आणि भाव कोसळतो. मग कोणी लावत नाही आणि भाव पुन्हा चढतो. अभियंत्यांच्या बाबतीत नेमके हेच घडते, असे रिचर्ड फ्रीमन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७६ साली मांडले होते. फरक एवढाच की कांदा चार-पाच महिन्यांत निघतो आणि इंजिनिअर चार वर्षांत.

आपल्या आयटीचाच इतिहास पाहा. २००१ साली डॉट-कॉमचा फुगा फुटला तेव्हा अनेकांनी कॉम्प्युटर शाखेकडे पाठ फिरवली. त्या वर्षी धीर धरून ज्यांनी प्रवेश घेतला ते २००५ मध्ये बाहेर पडले, तेव्हा कंपन्या कॅम्पसवर रांगा लावत होत्या. ती तेजी पाहून २००५ साली ज्यांनी प्रवेश घेतला त्यांची पदवी २००९ ला झाली. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स बुडाली होती आणि ७ जानेवारी २००९ ला आपल्याच शहरातल्या सत्यमच्या अध्यक्षांनी हिशेब फुगवल्याची कबुली दिली होती.

मी त्याच २००९ च्या बॅचचा. आमच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलांच्या हातात ऑफर लेटर होते, पण रुजू होण्याची तारीख कोणाच्याच हातात नव्हती. कोणी वर्षभर वाट पाहिली, कोणी बँकेच्या परीक्षा दिल्या, कोणी कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी केली. दोन मुलींची लग्ने त्या वर्षात लागली आणि त्यांची ऑफर लेटरे कपाटातच राहिली. तारीख आली तेव्हा त्या दुसऱ्या गावी होत्या.

त्या बॅचचा पुढे काय अनुभव असतो? कॅनडातील पदवीधरांचा दीर्घकाळ मागोवा घेणारा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. मंदीत पदवी घेणाऱ्यांची सुरुवातीची कमाई सरासरी ९ टक्क्यांनी कमी राहते, पाच वर्षांत ही तूट निम्म्यावर येते आणि भरून निघायला सुमारे दहा वर्षे लागतात, असे त्यात आढळले. हा श्रीमंत देशाचा आकडा आहे. तिथे बेकारभत्ता आहे. आपल्याकडे पहिला पगार म्हणजे घरच्या कर्जाचा पहिला हप्ता असतो.

२०२१-२२ मध्ये कोविडनंतरच्या तेजीत पुन्हा भरमसाट भरती झाली आणि सीएसईची लाट आली. लगेच २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तीन कंपन्यांची कर्मचारी संख्या मिळून सुमारे ६४,००० ने घटली. तोपर्यंत तेलंगणातल्या कितीतरी कॉलेजांनी सिव्हिल-मेकॅनिकलच्या जागा कमी करून सीएसई, एआय आणि डेटा सायन्सच्या जागा वाढवल्या होत्या. सगळी अंडी एका टोपलीत. ही मुले आता बाहेर पडत आहेत.

कॉलेजच्या भिंतीआड

मंदीचा दुसरा मार शिक्षकांना बसतो, आणि तो पालकांना दिसत नाही. सरकारी खर्च आवरायचा तर सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे रिकाम्या जागा न भरणे. ४ मे २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने कोविडमुळे विकासखर्चात ६७ टक्के कपात केली आणि आरोग्यासारखे अत्यावश्यक विभाग वगळता नवी भरती थांबवली. अशा वेळी वर्ग तर बंद ठेवता येत नाहीत. मग तासिका तत्त्वावर माणसे घेतली जातात. महाराष्ट्रात त्यांना सीएचबी म्हणतात, मध्य प्रदेशात अतिथी विद्वान. नाव वेगळे, स्थिती तीच : नेट-सेट झालेला, पीएच.डी. असलेला माणूस तासाच्या हिशेबाने पैसे घेतो आणि सुट्टीत त्याला काहीच मिळत नाही. मंदी संपते, पण ही सोय तशीच राहते. असे शिक्षक पाहून हुशार मुले अध्यापनाकडे वळत नाहीत, आणि पुढच्या पिढीचे नुकसान होते.

आपल्या राज्याचे आणखी एक उदाहरण आहे फी रीइम्बर्समेंटचे. वाय. एस. राजशेखर रेड्डी मुख्यमंत्री असताना अविभाजित आंध्रात सुरू झालेल्या या योजनेमुळे लाखो गरीब मुले पदवीपर्यंत पोहोचली, हे मान्यच केले पाहिजे. कॉलेजांची संख्याही तेव्हा ७०० च्या आसपास गेली. पण ही फी सरकार कॉलेजला देते. तिजोरी अडली की थकबाकी साचते, कॉलेज शिक्षकांचा पगार लांबवते आणि मुलांची मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवते. नोकरी लागूनही प्रमाणपत्र हाती नाही, अशी तक्रार आपल्या ओळखीत कोणी ना कोणी केलेलीच असेल.

देशभरात अभियांत्रिकीच्या पदवी, पदव्युत्तर आणि पदविका मिळून २०१४-१५ मध्ये ३२ लाखांच्या जवळ जागा होत्या. २०२१-२२ मध्ये त्या २३.२८ लाखांवर आल्या. आयआयटी हैदराबादचे तेव्हाचे अध्यक्ष बी. व्ही. आर. मोहन रेड्डी यांच्या समितीने तर २०२० पासून काही काळ नवी कॉलेजेच काढू नयेत, असे सुचवले होते. जी कॉलेजे बंद पडली त्यांत काही खरोखरच दुकाने होती. पण बंद पडणाऱ्या कॉलेजच्या शेवटच्या बॅचला प्रयोगशाळा कोण देणार, हा प्रश्न उरतोच.

उलटे करून दाखवता येते

मंदीत उच्च शिक्षण आक्रसलेच पाहिजे असा काही निसर्गनियम नाही. २००८-०९ या जागतिक मंदीच्या काळातच आपल्या देशात आठ नव्या आयआयटी सुरू झाल्या. हैदराबाद आणि गांधीनगरची २००८ मध्ये, इंदूरची २००९ मध्ये. निर्णय आधीचा होता, पण मंदी आली म्हणून तो गुंडाळला गेला नाही. आयआयटी हैदराबादचे पहिले वर्ग येद्दुमैलारमच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत, उसन्या जागेत भरले. आज कंदीचा परिसर पाहणाऱ्याला ते खरे वाटणार नाही. त्याच काळात केंद्रीय संस्थांमध्ये ओबीसी आरक्षणासाठी जागा वाढवल्या गेल्या आणि २००९-१० पासून साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांच्या शैक्षणिक कर्जाचे शिक्षणकाळातील व्याज केंद्र सरकार भरू लागले. घाईमुळे प्राध्यापक कमी पडले, इमारती रखडल्या, हेही खरे. तरी मंदीत पेरलेले पुढे उगवले.

याउलट २०१६ मध्ये आयआयटीची वार्षिक ट्यूशन फी ९०,००० वरून २ लाखांवर गेली. २०१७ मध्ये हेफा नावाची संस्था उभी राहिली. ती संस्थांना बांधकामासाठी अनुदानाऐवजी कर्ज देते. कर्ज फेडायचे तर पैसा कुठून तरी आणावा लागतो, आणि तो 'कुठून तरी' बहुधा फीचा रकाना असतो.

आपल्या घरापुरते

सरकारी धोरण आपल्या हातात नाही. घरचे नियोजन आहे. वहीत मांडून पाहावे असे काही मुद्दे :

*शाखा आजच्या भावावर निवडू नका.* प्रवेश घेणारे मूल चार वर्षांनी बाजारात येणार आहे. तेव्हा तेजी असेल की मंदी, हे कोणीच सांगू शकत नाही, मी तर नाहीच. ज्या विषयात मुलाला चार वर्षे टिकून राहावेसे वाटेल, तो विषय मंदीतही कामाला येतो. गणित आणि मूलभूत विषय पक्के असलेला मेकॅनिकलचा मुलगा कोडिंग शिकू शकतो, हे मी रोज ऑफिसात पाहतो.

*'हायेस्ट पॅकेज'च्या बॅनरकडे पाहू नका.* कॉलेजला तीन प्रश्न विचारा. मधल्या मुलाला किती पगार मिळाला, म्हणजे मीडियन किती? किती जण प्रत्यक्ष रुजू झाले? आणि गेल्या मंदीच्या वर्षी, २०२३-२४ मध्ये, आकडे काय होते? तेजीतले आकडे सगळ्यांचेच छान असतात.

*कर्जाचा हिशेब शेवटपर्यंत करा.* समजा दरवर्षी १ लाख याप्रमाणे ४ लाखांचे कर्ज घेतले आणि व्याजदर १० टक्के आहे. चार वर्षे शिक्षणाची आणि एक वर्ष सवलतीचे धरले तर सरळ व्याजच १ लाख ४० हजार होते. फेड सुरू होताना अंगावर ५ लाख ४० हजार असतात आणि दहा वर्षांसाठी हप्ता येतो सुमारे ७,१०० रुपये. नोकरी वेळेवर लागली तर हा हप्ता जड नाही. रुजू होण्याची तारीखच वर्षभर पुढे गेली तर सवलतीचे वर्ष पगाराविनाच संपते. म्हणून शिक्षण चालू असताना निदान व्याज भरता आले तर भरावे.

*योजना आधी पाहून ठेवा.* नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत देशातील यादीतल्या नामवंत संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदार यांशिवाय कर्ज मिळते. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांना, अन्य सरकारी शिष्यवृत्ती वा व्याजसवलत मिळत नसेल तर, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलतही आहे. आपले कॉलेज त्या यादीत आहे का, हे प्रवेशाआधी पाहावे, नंतर नव्हे.

*थांबावे लागले तर दार उघडे ठेवून थांबा.* बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनमध्ये शिकत असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. परंतु चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि मित्राची मदत घेतली, आणि १९२० मध्ये ते लंडनला परतले. आज २०२१ पासून सुरू झालेली अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स त्याच कामाची आहे. मिळवलेले क्रेडिट तिथे जमा राहतात आणि पुढे वापरता येतात. फी भरता येत नाही म्हणून कॉलेजला न सांगता घरी बसणे, हा सर्वांत महागडा मार्ग आहे. विभागप्रमुखांना भेटा, अर्ज द्या, पोच घ्या.

मंडळापुरते

शेवटी एक सूचना आपल्या मंडळासाठी. आपण दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करतो, आणि तो करावाच. पण मंदीत अडतो तो ७८ टक्क्यांचा, दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा, ज्याच्या वडिलांचे काम चार महिन्यांपूर्वी सुटले आहे आणि जो कोणाला सांगत नाही. त्याला सत्काराची शाल नको आहे, एका सेमिस्टरची फी हवी आहे, तीही परीक्षेचा फॉर्म भरण्याच्या शेवटच्या तारखेआधी.

आपल्या पणजोबांच्या पिढीत गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. कोणत्याही एका घरावर भार पडत नसे आणि मुलगा शिकून जाई. तसाच एक 'सेमिस्टर निधी' आपल्याला करता येईल. पन्नास घरांनी महिन्याला पाचशे रुपये दिले तर वर्षाला तीन लाख होतात. नाव जाहीर न करता, बिनव्याजी, नोकरी लागल्यावर सवडीने परत करण्याच्या बोलीवर पाच-सहा मुलांची सेमिस्टर त्यातून सुटतील. पैसे थेट कॉलेजच्या खात्यात भरावेत आणि हिशेब वार्षिक सभेत मांडावा. हिशेबाची एक्सेल शीट मी तयार करून ठेवली आहे. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत ती दाखवीन. ज्यांना या कामात सहभागी व्हायचे असेल त्यांनी त्या दिवशी जरूर यावे.